बांधावरची चूल

सर्वपित्री अमावास्येच्या भर दुपारी, सगळं गाव पितरांची पानं मांडून कावळ्यांची वाट बघत असताना, देवळीखारच्या बांधाला खांड पडली. उधाणाचं पाणी बांधाच्या डोक्याशी आलं, खेकड्यांनी पोखरलेल्या जागी आधी बोटभर झिरपलं, मग हातभर माती ढासळली, आणि लोक भरल्या पानावरून उठून धावत येईपर्यंत बैलगाडी जाईल एवढं भगदाड झालं. खाडी आत शिरली. खालच्या खाचरांतलं लोंबीला आलेलं भात उभ्या उभ्या खाऱ्या पाण्यात गेलं.

वेणूने हे सगळं शाळेच्या ओट्यावरून पाहिलं. कडेवर शालू होती, नुकती रांगायला लागलेली. आई तिकडे टक लावून का बघतेय हे काही त्या पोरीला कळत नव्हतं, ती आपली मंगळसूत्राची वाटी तोंडात घालण्याच्या खटपटीत होती.

वेणू पुण्याची. कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली. पुढेही शिकायचं होतं, पण लग्न झालं आणि नवऱ्याला कुलाबा जिल्ह्यातल्या या खाडीकाठच्या गावात बोर्डाच्या शाळेवर नेमणूक मिळाली. गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून तीही मनात त्यांना मास्तरच म्हणू लागली होती. शाळेला लागून दोन खोल्यांचं घर, तेही बोर्डाचं. ओट्यावरून मुंबईहून धरमतरला जाणारी आगबोट दिसे आणि वेणू ती दिसेनाशी होईपर्यंत बघत बसे. सगळ्यांवर लक्ष ठेवायचा तिचा स्वभावच होता, आणि शालू झाल्यापासून तर तो फारच वाढला होता. कुणाच्या घरी कोण तापाने पडलंय, तळ्यात कुणी म्हशी घातल्या, खाडीवरचा वारा कुठल्या दिशेने आहे, हे तिला विचारावं लागत नसे.

तळ्याची काळजी तर तिला पहिल्या दिवसापासून. गावात विहीर नव्हती. जिथे खणावं तिथे खारं पाणी. पावसाचं पाणी साठवणारं एकच तळं, बांधाच्या आत, खाचरांच्या वरच्या अंगाला, आणि आषाढापासून पुढच्या ज्येष्ठापर्यंत माणसं, गुरं, सगळी त्याच्यावर. त्या अमावास्येला खाडी तळ्याच्या पाळीपासून दोन खाचरं अलीकडे थांबली. पुढचं उधाण कोजागिरीचं. तोवर खांड बुजली नाही, तर कोजागिरीच्या दुपारी खाडी तळ्यात उतरणार, हे सांगायला कुणी शहाणा नको होता.

"माझ्या मावशीच्या गावाचं तळं असंच गेलं," राहीने तिला सांगितलं. राही वरच्या पाड्यातली सून, वेणूची रोजची पाण्याची सोबतीण. "चार पावसाळं पानी गोडं झालं न्हाय. बाया डोंगरापल्याडनं हंडं आनायच्या. म्हातारी मानसं आन् तान्ही पोरं, दोघांनी आधी मान टाकली." मग वेणूचा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "पन ती मान्सं आळशी होती बाय. आपल्याकडं जोळ लागंल ना."

बांध गावाचा होता. जमीन बहुतेक पेणच्या खोताची, पिकलेलं निम्मं भात त्याचं, पण बांधाला खोताने कधी हात लावला नव्हता आणि सरकारनेही नाही. ज्यांनी खाडीच्या पोटातून ही जमीन ओढून काढली त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी तो आजवर सांभाळला होता. खांड पडली की गावाचा जोळ लागे. जोळ म्हणजे घरटी एक माणूस; मजुरी नाही आणि सबबही नाही. तो लावायची रीत ठरलेली होती. खांडेला जे घर सगळ्यात जवळ, त्या घरच्या बाईने आपल्या चुलीतलं जळतं लाकूड नेऊन बांधावर तीन दगडांत ठेवायचं. बांधावर धूर दिसला की गावाने आपापल्या चुली विझवायच्या आणि खांड बुजेपर्यंत त्या एका चुलीवरचं खायचं. घरच्या तव्यावरची भाकरी ज्याला लवकर हवी असेल त्याने लवकर चिखल उचलावा. दुसऱ्या कुणी लाकूड नेलेलं चालत नसे. खांड ज्याच्या दारात, भीती त्याची आधी. ज्याच्या दारात पाणी नाही त्याने दुसऱ्याची चूल विझवायला सांगू नये, असं म्हातारी माणसं म्हणत.

त्या दुपारी बांधावर धूर दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही.

त्याचं मूळ माघातल्या निवडणुकीत होतं. मत द्यायचा अधिकार गावात बोटांवर मोजण्याइतक्यांना होता, पण भांडायचा सगळ्यांना. वरचा पाडा खोताच्या माणसाच्या बाजूने गेला, खालचा पाडा खादीच्या टोपीवाल्यांच्या. पावसाळ्यात मुंबईला नवं मंत्रिमंडळ बसलं आणि खालच्या पाड्याने गूळ वाटला; वरच्या पाड्यात तो कुणी खाल्ला नाही. तेव्हापासून दोन्ही पाड्यांची बोलाचाल गेली होती. हळदीकुंकवाला जायचं तरी बाया मागच्या दाराने जायच्या.

खालच्या पाड्याचा पुढारी रघू. मुंबईच्या गिरणीत काही वर्षं काढून आलेला, तिशीच्या आतला, बोलका. गावात त्याने शेतकरी मंडळ काढलं होतं आणि तो रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पेपर वाचायला येई. वेणूला त्याचं बोलणं आवडे. कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला जे कानावरून गेलं होतं ते त्याच्या तोंडून ऐकताना पटकन समजे. वरच्या पाड्याचा म्हातारा बाळाजी. जोळाला माणसं कुठे उभी करायची, खुंट कुठे ठोकायचे हे तो सांगे, आणि सगळे ऐकत. आणि राही ही बाळाजीची सून नि रघूची सख्खी बहीण.

आता खांड पडली होती ती रघूच्या घराच्या अंगाला. जवळचं घर त्याचंच, असं दोन्ही पाडे धरून चालले होते. लाकूड न्यायचं ते रघूच्या आईने, सोनाबाईने. आणि रघूने तिला बजावलं होतं की नेऊ नको.

"काय सांगू बाय," राही तळ्यावर हंडा घासत म्हणाली. "माझ्या म्हायेरची चूल, आन् माझं सासर तिच्या धुराकडं डोळं लावून बसलंय. मी मामंजींना म्हनलं, तुमीच न्या एक लाकूड, कोन इचारतंय. तं म्हनतात, रीत म्हंजे रीत, आपलं घर जवळ न्हाय."

"आणि रघू?"

"दादा म्हनतो, आईनं लाकूड उचललं तं मी म्हमईची बोट धरीन. आई चूल पेटवते, भात शिजवते आन् रडते. भातात मीठ घालायला लागत न्हाय आमच्याकडं."

रघूचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मास्तरांना घेऊन तो बांधाचं गाऱ्हाणं घेऊन अलिबागला सरकारी साहेबाला भेटून आला, त्या संध्याकाळी ओट्यावर त्याने ते पुन्हा मांडलं. पायांवर अजून वाटेचा चिखल होता.

"सायेब नीट बोलला. बसाया खुर्ची दिली. आमच्या बापाला कोनी दिली नव्हती."

"पण म्हणाले काय?" वेणूने विचारलं.

मास्तर टोपी झटकत म्हणाले, "दिवाळीनंतर माणूस पाठवतो म्हणाले, पाहणीला."

"दिवाळीनंतर? मधे कोजागिरीचं उधाण आहे."

"ते मी सांगितलं. ते म्हणाले, उधाण काही त्यांच्या हातात नाही."

"बाई, मी काय म्हनतो ते आयका," रघू पुढे सरसावून म्हणाला. "बांध कोनाच्या जमिनीला? खोताच्या. भात कोनाच्या कोठारात? निम्मं खोताच्या. आन् चिखल कोनाच्या डोसक्यावर? आमच्या, फुकट. आज्यानं फुकट बांधला, बापानं फुकट बांधला. आता राज्य आपलं आलं म्हनतात. मंग आपल्या राज्यात पन मी फुकटच बांधू? एक डाव खोताला कळू दे, बांध आपोआप उभा ऱ्हात न्हाय."

"बरोबर आहे तुमचं. पण तळं?"

 रघू तळव्यावरचा वाळलेला चिखल नखाने सोलत बसला. "तळ्याचं मला कळत न्हाय काय," तो शेवटी म्हणाला. "माझी पन आई तेच पानी पिते."

तो गेल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "तू यात पडू नकोस हं. शिक्षकांनी गावच्या पक्षांत पडायचं नाही, बोर्डाची ताकीद आहे. मी अलिबागला गेलो तेच पुष्कळ झालं."

"मी कुठे पडतेय," वेणू म्हणाली. ती शालूला थोपटत होती, पण नजर खांडेकडे होती.

नवरात्र सुरू झालं. उधाण ओसरून भांगाचे दिवस आले, म्हणजे पाणी ना फार चढे ना फार उतरे. खांड बुजवायची ती याच दिवसांत. रोज दुपारी ओहोटीला खांडेचं तोंड जवळजवळ कोरडं पडे आणि त्या ओल्या चिखलावर बगळे फिरत. वेणूला बगळ्यांचा राग येऊ लागला. बाळाजी रोज त्याच वेळी काठी टेकत बांधावर येई, खांडेच्या वरच्या कडेला उभा राही आणि परत जाई. रघू खालच्या कडेला येई. दोघांत मधे बैलगाडीभर रिकामी जागा. वेणूला वाटे, हे दोघे आता बोलतील, आता बोलतील. शेजारच्या पाड्याशी बोलायला ज्यांना मंत्रिमंडळ आडवं येतं, त्यांचं पुढे होणार काय? शालू मोठी होईल तेव्हा गाव कुणाचं असेल, बांध कुणाचा असेल, की त्याच्यावरून नुसती भांडणंच असतील? ती स्वतःशी असे प्रश्न विचारी आणि मग शालूचं पाणी उकळायला ठेवी.

ललिता पंचमीला राही तिच्या दारात बसून शालूला खेळवत होती. खेळवता खेळवता तिने खांडेकडे पाहिलं, मग खालच्या पाड्याकडे पाहिलं, आणि हसून म्हणाली, "गंमत बघा बाय. सगळी म्हनतात दादाचं घर जवळ. आवो, जवळ तं तुमचं हाय. मधे एकच खाचर. दादाच्या घराला दोन पडतात."

"आमचं?"

"पन तुमचं घर म्हंजे शाळा. ते काय घर हाय व्हय." आणि तिने तो विषय तिथेच सोडला, शालूच्या पायातल्या वाळ्याची तारीफ करू लागली.

वेणूने मात्र तो धरून ठेवला. ओट्यावर उभं राहून तिने दोन्ही अंतरं नजरेने मापली. राहीचं खरं होतं. शाळा बांधली गेली ती मागच्या पाच-सात वर्षांत. त्याआधी इथे नुसतं खाजण, ओसाड खारी जमीन होती. त्यानंतर या अंगाला खांड पडलीच नव्हती. घर म्हणजे गावचं माणूस राहतं ते, अशी सवय असल्यामुळे मास्तराचं घर दोन्ही पाड्यांच्या हिशेबातून सरळ गळालं होतं.

त्या रात्री तिला नीट झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी बाळाजी सकाळीच बांधावर आला; परतताना तिने त्याला ओट्यापाशी थांबवलं.

"बाळाजीबाबा, घर कशाला म्हणायचं?"

म्हाताऱ्याने काठीवर दोन्ही हात ठेवले. "चूल पेटते ते घर."

"माझी पेटते."

बाळाजीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या दाराकडे, मग खांडेकडे. त्याचे ओठ हलत होते, जणू मनात खाचरं मोजत होता. "तुमी बोर्डाची मानसं," तो म्हणाला. "आज हाव, उद्या बदली."

"बदली उद्या होईल. मुलीला पाणी आज लागतं."

"रघ्या तुमच्यावर उलटंल. पोरं शाळंतनं काढतील. तुमी त्याच्या बाजूच्या, असं समजतो तो."

"आहेच मी त्याच्या बाजूची. तो म्हणतो त्यात चूक काय आहे?"

म्हाताऱ्याने पुन्हा खांडेकडे पाहिलं. "बाई, मी न्या म्हननार न्हाय, नका न्यू पन म्हननार न्हाय," तो शेवटी म्हणाला. "तुमी लाकूड नेलंत तं माझ्या घरची चूल मी इझवीन. माझ्यापुरतं सांगतो."

दुपारी शाळा भरली होती. भिंतीपलीकडून पाढे चालले होते आणि मधूनच मास्तरांचा आवाज येत होता. वेणू चुलीपुढे बसली. शालूचं पाणी उकळून झालं होतं. ते तिने झाकून ठेवलं. रघूचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे येत होता. तो इतक्या विश्वासाने ओट्यावर येऊन बसायचा. मास्तरांची नोकरी गेली तर पुण्याला सासूबाईंच्या दारात परत उभं राहायचं, हेही दिसत होतं. बरोबर काय आणि चूक काय याचा तिला उलगडा झाला असं नाही. आज भांग आहे आणि चार दिवसांनी पाणी पुन्हा चढायला लागेल, एवढंच पक्कं होतं. तिने घमेल्यात राख घातली, त्यावर चुलीतलं पेटतं लाकूड ठेवलं, शालूला कडेवर घेतलं आणि ती मागच्या दाराने बाहेर पडली.

खाचराच्या बांधावरून चालताना दोनदा तिचा पाय घसरला. धूर डोळ्यांत जात होता आणि शालू खोकत होती. बांधावर चढून तिने तीन दगड गोळा केले. ते नीट बसेनात. एका हाताने, कडेवर मूल घेऊन, ती ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. लाकूड विझायला आलं. तेवढ्यात मागून कुणीतरी हात घातला आणि दगड बरोबर बसवला. राही होती. धावत आल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. तिने पदरातून सुका पेंढा काढला, लाकडाखाली सारला आणि फुंकर मारली. धूर सरळ वर गेला.

"बाय, तुमी मला आधी सांगायचं व्हतं," ती मग म्हणाली. "नुसती चूल आनलीत. भांडं कुठाय? कशात शिजवनार, पदरात?"

वरच्या पाड्यातून माणसं निघालेली दिसू लागली. पुढे बाळाजी, मागे खुंट, कुदळी, पेंढ्याच्या गुंड्या आणि कुडाचे तट्टे खांद्यावर घेतलेले लोक, त्यांच्यामागे टोपांतून तांदूळ आणि सुकट घेतलेल्या बाया. खालच्या पाड्यातूनही माणसं आली, पण ती खाचराच्या अलीकडेच थांबली. हात मोकळे. एकटा रघू पुढे आला.

"बाई, तुमच्या ओट्यावर बसून आमी पेपर वाचला," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे वेणूला जास्त लागलं.

"वाचलात. आणखीही वाचा."

"आन् आता खोताच्या बांधाला चूल लावलीत."

"खोत पेणला विहिरीचं पाणी पितो, रघूभाऊ. त्याच्यासाठी मी कशाला लाकूड आणीन? तुमची मागणी खरी आहे. पण साहेब दिवाळीनंतर येईल तेव्हा त्याला दाखवायला आपल्याकडे खारं तळं असेल, दुसरं काही नसेल."

"म्हंजे आमीच नमायचं. दर डाव."

वरच्या पाड्यातला मोरू चिखलात उतरता उतरता मोठ्याने म्हणाला, "रघ्या, टोपी घातल्यापासनं हात सोवळ्यात ठेवलंस काय रं?" वरच्या कडेची माणसं हसली. खालच्या पाड्यातली दोघं-तिघं पुढे सरली. वेणूने शालूला घट्ट धरलं. तिला वाटलं, संपलं. आता चिखल एकमेकांच्या अंगावर जाणार, आणि हा धूर आपण लावला.

"मोऱ्या, तोंड बंद," बाळाजी म्हणाला. तो खांडेच्या कडेला आला. मधल्या रिकाम्या जागेत ओहोटीचं पाणी पिंढरीभर होतं. म्हातारा काठी टेकत त्यात उतरला आणि मध्यावर जाऊन उभा राहिला.

"रघू, बोल. तुला काय पायजे?"

रघूला हे अपेक्षित नव्हतं.  "मळनीला जोळाची मजुरी खोताच्या वाट्यातनं कापायची," तो म्हणाला. "आन् ते मी एकट्यानं सांगून व्हनार न्हाय. खोत म्हनतो, रघ्या म्हमईहून बिघडून आलाय, बाकी गाव खूश हाय. काका, तुमी सांगा त्याला."

"मला बोलता येत न्हाय," बाळाजी म्हणाला. "खोताम्होरं माझी जीभ वळत न्हाय, मी खोटं कशाला सांगू. पन मळनीला मी तुझ्यासंगट येईन."

"येऊन काय करनार?"

"उभा ऱ्हाईन."

खालच्या पाड्यातलं कुणीतरी हसलं. बाळाजी हसला नाही. "माझा आजा खोताच्या अंगनात उकिडवा बसायचा. बाप बसायचा. मी बी बसलो, साठी उलटली तरी बसतोय. त्या दिवशी बसनार न्हाय. तू बोल, मी तुझ्या बाजूला उभा ऱ्हातो, आन् वरचा पाडा माझ्यामागं उभा ऱ्हातो. न्हाय व्हय रं मोऱ्या?"

मोरूने मान खाली घातली आणि होय म्हटलं.

 रघूने डोक्यावरची टोपी काढली, घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि तो पाण्यात उतरला. मागची माणसं थोडी घुटमळली, मग त्यांच्यातला एक कुदळ आणायला घराकडे पळाला.

पाढे केव्हाच थांबले होते. मास्तर खाचराच्या टोकाला कोट-टोपीत उभे होते, किती वेळ कोण जाणे. वेणूची आणि त्यांची नजरानजर झाली.  थोड्या वेळाने तिने पाहिलं तर कोट उघाडीच्या, बांधातलं पाणी सोडायच्या दाराच्या, खांबावर टांगलेला होता, आणि मास्तर चिखलाचे गोळे पुढे सरकवणाऱ्या रांगेत उभे होते. दर दुसरा गोळा त्यांच्या हातून निसटत होता आणि पलीकडचा माणूस तो आदराने पुन्हा उचलून घेत होता.

सोनाबाई सगळ्यांत शेवटी आली, डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन. ती वेणूजवळ बसली, लाकडं सारखी केली. "बरं केलंत," ती म्हणाली. आणि जरा थांबून, चुलीकडेच बघत, "पन माझ्या हातचं काम व्हतं ते. पुढल्या टायमाला आमाला इचारा." वेणूने मान हलवली. 

भांगाचे उरलेले दिवस त्या कामात गेले. दोन्ही कडांनी खुंट ठोकत, तट्टे लावत, पेंढा आणि चिकणमाती भरत माणसं मधे सरकत होती. रात्रीच्या भरतीने थोडं खाल्लं की सकाळी पुन्हा भरत होती. सगळं गाव एका चुलीवरची पेज आणि सुकटीची चटणी खात होतं. वेणूही खात होती, आणि सासूबाईंना हे पत्रात लिहायचं नाही असं तिने आणि मास्तरांनी न बोलता ठरवलं होतं. शालू या कडेवरून त्या कडेवर फिरे आणि संध्याकाळी चिखलाने माखून परत मिळे. दसऱ्याचं सोनं लोकांनी बांधावरच लुटलं, चिखलाच्या हातांनी. कुणी कुठल्या पाड्याचा म्हणून पान नाकारलं नाही. मात्र मोरू आणि रघू एकमेकांना सोनं देताना दुसरीकडेच बघत होते.

"बोर्डाला कळेल," एका संध्याकाळी पाय धुताना मास्तर म्हणाले.

"कळेल."

"मी म्हणेन, पिण्याच्या पाण्याचं काम होतं. त्यात पक्ष कसला?" त्यांनी दुसरा पाय पाण्याखाली धरला. "ऐकतील, असं वाटतं का तुला?"

वेणूला वाटत नव्हतं. ती म्हणाली, "बघू."

कोजागिरीच्या दुपारी गाव बांधावर होतं. पाणी चढत होतं, आवाज न करता, हळूहळू. जुन्या बांधात भरलेला नवा तुकडा ओल्या मातीमुळे काळपट दिसत होता. पाणी त्याच्या निम्म्याला आलं, मग वर आलं. एका ठिकाणी आतल्या अंगाला पाझर फुटला; चौघांनी उड्या मारून तो पेंढ्याने आणि पायांनी दाबला आणि ते तिथेच घोटाभर चिखलात उभे राहिले.  बाळाजी आणि रघू बांधावर शेजारी बसले होते. मळणीला खोताकडे कुठल्या दिवशी जायचं यावरून त्यांचा सकाळी वाद झाला होता आणि तो अजून मिटला नव्हता. पाणी बांधाच्या डोक्याखाली चार बोटांवर आलं आणि थांबलं. ते थांबलंय हे कळायलाही वेळ लागला. मग एक वाळकी काडी, जी आत यायला धडपडत होती, ती हळूच खाडीच्या दिशेने निघाली.

राहीने वेणूचा हात धरला. "चला."

दोघी तळ्यावर गेल्या. पाळ कोरडी होती. पण अमावास्येचं खारं पाणी दोन खाचरं पलीकडे बरेच दिवस साचून राहिलं होतं, आणि जमिनीखालून काय काय सरकतं ते कुणाला दिसतं? वेणूने हंडा भरला, ओंजळभर पाणी घेतलं, आणि प्यायच्या आधी थांबली. राहीने तिच्या ओंजळीतलंच पाणी चाखलं. जिभेवर फिरवलं, गिळलं, पुन्हा चाखलं.

"मचूळ हाय," ती म्हणाली. "जरासं."

"पिण्यासारखं?"

"पिन्यासारखं हाय. पुढल्या पावसात जाईल ते."

वेणूने स्वतः चाखलं. मागच्या महिन्यात ही चव नव्हती. कडेला, अगदी जिभेच्या कडेला, खाडी होती. घरी येऊन तिने ते पाणी उकळलं, निववलं, आणि वाटीने शालूच्या ओठाला लावलं. शालूने तोंड वाकडं केलं, आईकडे रागाने पाहिलं, आणि मग तहान लागली होती म्हणून प्यायली. वेणू तिच्या गळ्याकडे बघत राहिली, एकेक घोट खाली उतरेपर्यंत.